तिनं दिलेली तारेआ

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते मेथीच्या जुड्या बांधायचं. दिवस मावळायच्या आधी, अमरावतीजवळच्या आमच्या वाडीत. मी पाला सारखा करून द्यायचो, बायको बांधायची. तिला छातीचं दुखणं होतं. धाप लागली की ती थांबायची, मग मीही थांबायचो. गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

जुड्या झाल्यावर म्हणाली, "उद्याची तारेआ सांगू का?"

हा शब्द स्पेन देशाचा. मी दुसरी शिकलेला माणूस, तो देश कुठं आहे मला आजही माहीत नाही. इंग्रजाचं राज्य होतं, गोऱ्या बाया आम्ही पाहिल्या होत्या. पण अमरावतीत अनाथ पोरी सांभाळणारी एक पाद्रीणबाई होती, ती इंग्रज नव्हती, तिथली होती. माझी बायको तिच्याकडं भाजी घेऊन जायची. पोरींना पाटीवर गिरवायला दिलेला धडा म्हणजे तारेआ, आणि भांडी घासणं, झाडणं, तीही तारेआच. बायकोला ते फार पटलं. शब्द घरी घेऊन आली.

"आपल्याकडं पोट्ट्यानं पाटी गिरवली तं अभ्यास. म्या जलमभर भांडे घासले त्याले नाव नाई."

"मंग जा न तिकडं. बक्षीस देतीन तुले," मी म्हणालो.

दुखणं वाढलं तशी ती माझी मास्तरीण झाली. एकुलती मुलगी अकोल्याला दिलेली. घरात आम्ही दोघंच. "मी गेल्यावर जावयाच्या दारात ताटावर बसान का तुमी?" म्हणे. त्या एका बोलण्यानं मी चुलीपुढं बसलो. मग रोज एक तारेआ. चूल सारवणं, वरणाला फोडणी.

"म्हातारपनी बायकांचे कामं शिकवून राहिली मले. लोकं हासतीन."

"हासू द्या. उपाशी मेले तं रडतीन."

सगळं जमलं, भाकर जमेना. उचलली की फाटायची. म्हणून त्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या भाकर. मी हात लावनार नाई. जशी होईन तशी खाईन."

पहाटे ती गेली.

दुपारी जाळून आलो. संध्याकाळी मुलगी आली, पोटभर रडली, मग म्हणाली, "बाबा, सामान बांधा. तुमाले इथं कोन करून घालीन?" सुतकात आमच्यात चूल पेटवत नाहीत. शेजारणीनं आणून दिलेलं पिठलं आम्ही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उठायच्या आत मी चूल पेटवली. धूर पाहून शेजारीण दारात आली. "काहून हो भाऊजी, याड लागलं का? सुतकात चूल?" मी पीठ मळत राहिलो. पीठ सैल झालं होतं. पहिली भाकर काठवटीलाच चिकटली, ती खरवडून काढली. दुसरी तव्यावर गेली, पण काठाला फाटली. मुलगी उठून पाहत होती. तिनं हात पुढं केला.

"राहू दे. मी करतो."

अर्धी तिच्या ताटात टाकली, अर्धी मी घेतली.

"कच्ची हाये, बाबा."

"हाये तं हाये. खा."

तिनं खाल्ली. सामानाचं पुन्हा बोलली नाही. मी काठवट धुवायला बसलो.