देवरे सरांचा ‘ब’

वहीत ‘बी-पेशी’ असं दिसलं, की देवरे सर लाल पेनानं नुसती वेलांटी खोडायचे. खाली उरायचा ‘ब’. सगळं जग त्या पेशीला बी म्हणतं, पुस्तकात तसंच छापलंय, पण जळगावच्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात, ती ‘ब-पेशी’ होती. आम्ही कँटीनमध्ये ‘दोन बस्कीट द्या’ म्हणून खिदळायचो. त्यात मी सगळ्यात पुढे होतो, हे कबूल करतो.

शिकवायला मात्र माणूस एक नंबर. बोनमॅरोमध्ये ही पेशी कशी घडते ते सांगायला सर पाच जणांना ओळीत उभं करायचे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. मागच्याला दाराबाहेरून कुणी तरी टपली मारायची, त्यानं पुढच्याचा खांदा दाबायचा, असं करत करत शेवटच्यानं फळ्यावर ‘वाढ’ असं लिहायचं. प्रत्येक गडी म्हणजे एक प्रोटीन. मग सर मधल्या एकाला काढून बाकावर बसवायचे. मागचा हवेत हात दाबत राहायचा आणि पुढचा खडू धरून ढिम्म. “पाहा,” सर म्हणायचे, “हा आळशी नाही. ह्याला निरोपच आला नाही. अशी पेशी तिथंच मरते, आणि मग जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं करायला अंगात कुणी उरत नाही.” कुणाचा चेहरा कोरा दिसला, की अहिराणीत यायचे. “नही समजनं? परत इचार. मी कोठे पळी जाई राहिनू?” दहादा विचारलं तरी दहादा सांगायचे.

गंमत अशी, की आदल्या वर्षी सर स्वतःच ‘बी-पेशी’ म्हणत होते. दिवाळीची सुटी संपली आणि वेलांटी गेली. कारण मला कळलं ते त्याच हिवाळ्यात, भडगावच्या बसमध्ये. एका रविवारी सरांनी मला सोबत घेतलं होतं. “माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल,” एवढंच म्हणाले होते.

भाचा विलास, त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा मुलगा. त्याच्यात मधला तो गडी जन्मापासूनच नव्हता. लहानपणी सारखा कान फुटायचा, सारखा न्यूमोनिया व्हायचा. सरांनीच मुंबईला नेऊन निदान करून आणलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला जळगावला सलाइनमधून दुसऱ्यांची प्रतिपिंडं घ्यायची, असं चाललेलं. त्यावर पोरगा झकास वाढला. पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. धुळ्याकडचं स्थळ आलं. मुलीकडच्यांपासून काही लपवायचं नाही, असा सरांचा हट्ट. अक्का म्हणाल्या, “मंग तूच सांग भाऊ, तू शिकेल शे.”

सरांनी भर बैठकीत सांगितलं, “ह्याच्या अंगात बी-पेशी तयार होत नाहीत. महिन्याला सलाइन घेतलं की गडी ठणठणीत.”

मुलीच्या मामांनी चहाची बशी खाली ठेवली. “म्हंजे पोऱ्यामा बी नही शे?”

कुणी तरी फिस्सकन हसलं. आणि वर्गात दहादा समजावणारा हा माणूस तिथं भडकला. “अडाण्यांशी काय बोलायचं!” म्हणून चपला घालून तडक स्टँडवर गेला. मागे बैठकीला वाटलं, खरं बाहेर आलं म्हणून मुलाचा मामाच उठून गेला. लग्न मोडलं. गावात विलासचं नाव ‘केळं’ पडलं. केळ्यात बी नसतं ना, म्हणून. हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते.

दुकानात विलास मोटारीत तांब्याची तार भरत होता. सुई बंद करून त्याला दोन महिने झाले होते. मी माझ्या परीनं बोललो. त्यानं मान वर केली नाही. “मामा, मी जळगावच्या बसमा बसनू की लोके म्हनतस, हाऊ बी भराले चालना. मी नही येवाव.” सरांनी हात जोडले. भाच्यापुढे हात जोडलेला मामा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. आम्ही रिकामे परतलो. नंतर सर एकटेच जात राहिले, दर रविवारी. फेब्रुवारीत विलासला न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेला.

अक्का सरांना कधीच काही बोलल्या नाहीत. ते फार वाईट होतं. सर शिकवत राहिले, वेलांट्या खोडत राहिले, निवृत्त झाले. मी पाचोऱ्याला लॅब टाकली. मेहरूणला त्यांच्या घरी गेलो, की हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या.

गेल्या वर्षी सर गेले. दहाव्याला अक्का आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. “तू भाऊना विद्यार्थी ना? मन्हा विलासमा काय नव्हतं, ते माले सांग.”

ओट्यावर पाच पेले पडले होते. मी ते ओळीत मांडले आणि टपली, खांदा, निरोप, सगळं सांगितलं. मधला पेला उचलून बाजूला ठेवला. लेकराबाळांशी ह्याचा काही संबंध नसतो, तेही सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. शाळेची पायरी न चढलेल्या अक्का एकेका पेल्याकडे बघत होत्या, आणि त्यांना समजत होतं, ते मला दिसत होतं.

“इतलंच व्हतं का?” त्या म्हणाल्या. “मंग त्या दिन बैठकमा भाऊनी सगळासले हाई कसाले नही सांगं?”