ऐकीव रस्त्यांचा नकाशा

कांचन मूळची सांगलीची. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला शिकायला आली, सर्वेच्या ऑफिसात नकाशे काढायला लागली आणि तिथलीच झाली. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मर्केटर नावाच्या नकाशाकारावर तिचा भारी जीव. "धर्माविरुद्ध बोलतो म्हणून सात महिने तुरुंगात होता बिचारा," ती कुणालाही धरून सांगायची. "सुटला आणि पुन्हा कामाला बसला. लांबचा समुद्रप्रवास नाही केला कधी, पण खलाशांच्या बातम्या, जुने नकाशे जमवून अख्खं जग काढलं!"

फेब्रुवारी २०११च्या भूकंपात कपाट अंगावर पडून तिचा पाय मोडला. ऑफिस बंद, पाय उशीवर. एका सकाळी महाराष्ट्र मंडळातल्या तुकारामचा फोन आला. तो पार्सलची गाडी चालवायचा.

"वहिनी, कालचा रस्ता आज बंद! गुगलला पत्ताच नाही. जायचं कुठून?"

कांचननं लेकीची, ईशाची, चित्रकलेची वही ओढली आणि तो सांगेल तसे रस्ते काढले. मग मंडळातल्या सगळ्यांना फोन लावले. कुठे पूल खचलाय, कुठे जमिनीतून चिखल वर आलाय. संध्याकाळी नवरा गंधारनं त्या नकाशाच्या झेरॉक्स काढून कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही उरली नाही.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. मंडळातल्या नीतानं कुणाकडून तरी ऐकून सांगितलेला रस्ता कांचननं बेधडक शाईनं काढला आणि तुकारामची गाडी तिथंच चिखलात रुतली.

"चुकलं रे माझं," ती ओशाळून म्हणाली. "मर्केटरनंही असाच ऐकून दक्षिणेला भलामोठा खंड काढला होता. तसा काही नव्हताच तो!"

"त्याची गाडी नव्हती ना रुतली?" तुकाराम हसत म्हणाला.

तेव्हापासून दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितल्याशिवाय तिनं शाई लावली नाही. तोवर पेन्सिल. शेजारचे कीवी आजोबासुद्धा काठी टेकत येऊन आपली गल्ली सांगून जायचे.

मे महिन्यात प्लास्टर निघालं. तुकारामनं तिला गाडीत पुढं बसवून सगळीकडे फिरवलं. न पाहता काढलेले रस्ते ती काचेतून एकेक करून बघत होती.

"हे वळण एवढं नाहीये रे," ती मध्येच म्हणाली आणि मांडीवरच्या नकाशात खोडरबर फिरवू लागली.

"आता कशाला? रस्ते उघडलेत की बरेचसे."

"असू दे. चूक दिसली की राहवत नाही."

तुकारामनं गाडी बाजूला घेतली आणि तिचं होईपर्यंत शेजारच्या बेकरीतून पॅटिससारखे दोन गरम 'पाय' आणले.