फोटोतली मालनबाई

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी मालनबाई दारात उभी राहायची. आधी डावा डोळा तळहाताने झाकायची, मग उजवा. दोन्ही डोळ्यांना पाळीपाळीने शाळेजवळची चिंच दिसली, की चहाचं आधण ठेवायची. ही सवय तिला एका लग्नानंतर लागली.

भाचीचं लग्न आदिलाबादला होतं. भाचीने हट्टाने मावशीला पार्लरमध्ये नेऊन बसवलं. तिथल्या रेणुकाने आधी ब्लीच लावलं, वर फेशियल केलं.

“पोरी, डोळ्यापाशी आग होऊन राह्यली.”

“आग होते म्हणजे काम करतं, काकू.”

दुसऱ्या दिवशी पापण्या टम्म फुगल्या. डोळ्यांभोवती लाल चट्टे उठले आणि पाणी खळेना. मांडवात तिने नवरदेव समजून बँडवाल्यावर अक्षता टाकल्या.

ती बेल्याजवळच्या आपल्या गावी परतली, त्या दिवशी चावडीवर जमिनीच्या नव्या पासबुकांसाठी फोटो काढत होते. नवरा वारला होता, त्याची दोन एकर तिच्या नावावर चढायची होती. सूज उतरेपर्यंत ती थांबलीही असती. पण दीर बाबाराव गावभर सांगत होता, “वहिनी एकटी काय वावर वाहीन? माह्याच नावावर राहू द्या.” म्हणून मालनबाईने भिंत चाचपत रांग धरली.

सूज आठवड्यात उतरली. पासबुकाला मात्र वेळ लागला. मधल्या काळात एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कपाटं आणि माणसं इकडची तिकडे गेली, आणि तिचा फोटो काढणारा कारकून मंचेरियालला गेला. कचेरीतल्या नव्या साहेबाला मराठी समजायचं, बोलायचा हिंदीत. त्याने पासबुक उघडलं, तिच्याकडे पाहिलं.

“अम्मा, ये आप नहीं हैं.”

“मीच हाव, सायेब. तवा डोळे सुजले होते. दुसरा फोटो काढा.”

साहेबाने शांतपणे नियम सांगितला. फोटो बदलायचा, तर फोटोतल्या बाईने स्वतः हजर राहायला हवं. ती महिनाअखेर आली नाही, तर जमीन दिराच्या नावावर चढेल. ओळख पटवायला बाबारावाला बोलावलं. त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला.

“खोटं काऊन बोलू? या बाईले म्या जलमात पायलं नाही.”

“पंचवीस वर्सं तुमाले भाकरी घातली न मी!”

“तुमाले वळखतो न, वहिनी. इले नाही वळखत.”

मालनबाईने सरळ आदिलाबादची बस धरली.

“रेणुका, मांगच्यासारखंच कर.”

रेणुका रडकुंडीला आली. “काकू, ते क्रीम मी केव्हाच फेकलं. आता आधी कानामागं लावून पाहते, मगच चेहऱ्याला.”

“मंग कुठं फेकलं ते सांग.”

रेणुकाने जीव ओतून नवं फेशियल केलं. एक पुटकुळी उठली नाही. मालनबाई दहा वर्षांनी लहान दिसू लागली. कचेरीच्या शिपायाने तिला विचारलं, “मोठ्या बहिणीला नाही आणलं?”

उरला बिब्बा. तो आमच्याकडे घरोघरी डब्यात असतो, आणि ज्याला उततो त्याचं तोंड भोपळ्यासारखं होतं. शेजारच्या मथुराबाईने तो काढला खरा, पण हातात देईना.

“मालन, वर्सभर खाजवत बसशीन.”

“जमिनीचा पट्टा भेटला तं जलमभर खाजवीन. लाव.”

मथुराबाईने सुईच्या टोकावर तेल घेऊन कपाळाला ठिपका दिला. सकाळपर्यंत डोळे मिटले. मथुराबाईनेच तिला हाताला धरून कचेरीत नेलं. साहेब खुर्चीतून अर्धा उठला.

“हां! ये सही है. इतने दिन कहाँ थीं, अम्मा?”

त्याने सही केली. मग, बाई आता समक्ष हजर आहे तर नवा फोटो काढून टाकू, असंही मोठ्या अदबीने सुचवलं.

“नोको,” मालनबाई म्हणाली. “हाच बरा दिसते.”

दोन एकरांत ती सहा हंगाम कापूस वाहत राहिली, कडेने तुरीची एक ओळ ठेवत. शेवटच्या दुपारी ती बांधावर बसली होती, मथुराबाई शेजारी भाकरी सोडत होती. मालनबाईने मान वर केली आणि पलीकडे बाबारावाच्या शेतात हाक दिली. त्यानंतर ती जरा आडवी झाली, ती उठली नाही. हाक नेहमीचीच होती:

“भाऊजी, तुमचे बैल माह्या तुरीत शिरले, हाकला!”