मागच्या बाकावरची आई

परतवाड्याच्या मिशन कंपाउंडातून आम्ही निघालो तेव्हा ऑटोत तीन माणसं, दोन लोखंडी पेट्या आणि एक तामचिनीचं घमेलं होतं. मी, बायको सुनंदा आणि तीन वर्षांची रूथ. रायपूरच्या एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीने मला पाळक म्हणून बोलावलं होतं. घमेलं आईने कोंबलं होतं, नातीच्या आंघोळीसाठी. आई तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे चारचौघांत डोळे पुसणं तिला ठाऊक नाही. तिने ऑटोत डोकं घालून सुनंदाला एवढंच विचारलं, "पत्र घेतलं का? पत्र देल्लं नाही तंवर माणूस पाहुणाच राह्यते."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्यात माणूस गाव बदलतो तेव्हा जुन्या मंडळीकडून एक पत्र नेतो. हे आमचे सभासद, यांना तुमच्यात सामावून घ्या, असं. नव्या गावात एखाद्या रविवारी ते द्यायचं, पाळकाने ते सर्वांसमोर वाचायचं, एक प्रश्न विचारायचा आणि वहीत नाव चढवायचं. त्या दिवसापासून माणूस तिथला. सुनंदाने पहिल्याच रविवारी पत्र दिलं.

आम्ही राहतो गुढियारीत, प्रार्थनेच्या हॉलमागच्या दोन खोल्यांत. मंडळी म्हणजे विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली कुटुंबं आणि त्यांची इथेच वाढलेली पोरं. पहिलं वर्ष मी शुद्ध मराठीत प्रवचन केलं आणि पोरं शुद्ध हिंदीत जांभया देत राहिली. आता अर्धं अर्धं करतो. रूथला मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघंही हिंदीत करतो. लोकांना वाटतं पाळकाला रविवारीच काम. सोमवारी कुणाचा आधारचा फॉर्म, मंगळवारी दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसणं, बुधवारी सासू-सुनेचा तह, तो गुरुवारी मोडतो.

आणि शनिवारी हमाल. समोरच्या गोदामांतले हमाल दुपारी आमच्या पायरीवर टेकतात. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा एकदा पाहिल्या आणि मला माझीच लाज वाटली. येशूने शिष्यांचे पाय धुतले यावर मी कितीतरी प्रवचनं ठोकली होती, पण दुसऱ्याचं नख कापायची वेळ चाळिशीत आली. आईचं घमेलं माळ्यावरून काढलं. गरम पाणी, साबण, नेलकटर, मलम. कौशल्य शून्य, उत्साह फार.

आई आली ती डोळ्याच्या ऑपरेशनासाठी, महिन्यापुरती. त्याला दीड वर्ष झालं. आल्याच्या आठवड्यात तिचा चष्मा शोधताना मी तिचं बायबल उघडलं आणि आतून पाकीट सरकलं. परतवाड्याच्या मंडळीचं पत्र, माझ्याच मंडळीच्या नावाने. म्हणजे निघतानाच तिने मनाशी काही ठरवलं होतं. मी ते होतं तिथे ठेवून दिलं आणि वाट पाहू लागलो.

तिने ते दिलं नाही. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सूचना द्यायचो, "कुणाकडे बदलीचं पत्र असेल तर द्यावं," आणि नजर त्या बाकावर जायची. ती भजनाचं पुस्तक चाळत बसायची. मुलगा म्हणून मागावं तर तिची मर्जी, पाळक म्हणून मागावं तर तोंड नाही. तिकडून, परतवाड्याहून, तुम्हा कंपाउंडातल्यांचे फोन यायचे, "सिस्टरबाई कधी येतात? खोली झाडून ठेवली आहे." ती म्हणायची, "ईस्टर झालं का येतो." परतीचं तिकीटही तिने माझ्याकडून काढवून घेतलं.

एकदा न राहवून विचारलं, "आई, इथे काय कमी आहे?"

"कमी काई नाही बापू. पण इथं मले कोण वळखते? तिथं लोक दार वाजवते. इथं मी नुसती तुह्या घरात बसून राह्यली."

रोज दुसऱ्यांना धीर देणारा माणूस मी, उठून आईसाठी चहा ठेवला.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी बिसाहू आला. म्हातारा हमाल, साखरेचा आजार. मी घमेल्यात वाफाळतं पाणी ओतलं आणि त्याचा पाय आत घेणार, तोच दारातून आवाज आला, "थांब पोट्ट्या! शुगर हाय न त्याले?"

आई पदर खोचून आली आणि पाण्यात स्वतःचं कोपर बुडवलं. "भाजला असता न तो! त्याच्या पायाले समजत नाही, तुह्या कोपराले समजते." मग नेलकटर हिसकावला. "अन् नखं अशी गोल काहून कापतं? सरळ काप." पाय उचलून तिने तळवा पाहिला. तिथे रुपयाएवढी जखम होती, आणि बिसाहूला तिचा पत्ताच नव्हता.

सोमवारी ती त्याला घेऊन ई-रिक्षाने समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी औषधं दिली, दर दिवसाआड पट्टी बदलायला सांगितली. पट्टीचं काम आईने घेतलं. गोल बाजारातून सुनंदाकडून मऊ सँडल आणवल्या, पट्टीसकट पाय मावेल अशा. बिसाहू प्रत्येक गोष्टीला "हव, दाई" म्हणजे 'हो, आई' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी हजर. ती त्याला वऱ्हाडीत झापायची, तो छत्तीसगढीत सबबी सांगायचा. दुभाषा लागला नाही. बघता बघता पायरीवरचे बाकीचे हमालही माझ्यापुढून उठून तिच्यापुढे बसू लागले. मी पाणी तापवायच्या कामावर गेलो.

ईस्टर झाला. तिकिटाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "रद्द कर. जखम अर्धी सोडून नर्स सुट्टीवर जात नाही."

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. बिसाहूसाठी मी रोज प्रार्थना करत होतो. पण "त्याची जखम लवकर भरू दे" म्हणताना 'लवकर'पाशी माझी जीभ अडखळायची. जखम भरली की आई जाणार. एका गरिबाचा पाय सावकाश बरा व्हावा असं मनात आणणारा पाळक तुम्ही पाहिला नसेल. मी आहे तो. देवाला सांगून टाकलं, आता तुम्हालाही सांगतो.

तीन महिन्यांनी एका शनिवारी तिने पट्टी सोडली ती पुन्हा बांधली नाही. तळव्यावर गुलाबी, कोरडी, नवी कातडी. आईने अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "झालं."

"दाई, अवइया सनिच्चर घलो आवँव का?" येत्या शनिवारीही येऊ का, असं बिसाहू विचारत होता.

"येजो," ती म्हणाली. पण 'मी हाय' असं काही म्हणाली नाही. घमेलं धुऊन उन्हात पालथं घातलं आणि आत गेली. संध्याकाळभर मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार. मी नेहमीची सूचना दिली, आणि या वेळी मागच्या बाकाकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. चपला वाजल्या. आई मधल्या वाटेने पुढे येत होती. तिने पाकीट माझ्या हातात दिलं नाही. रीतीप्रमाणे आमचे सचिव गायकवाड काका यांच्याकडे दिलं, आणि त्यांनी माझ्याकडे. पत्र दीड वर्षात घडीवर फाटायला आलं होतं. "श्रीमती शांताबाई सोनवणे, आमच्या मंडळीच्या जुन्या सभासद," एवढं वाचलं आणि कागद परत काकांच्या हातात दिला. पुढचं त्यांनी वाचलं.

प्रश्न मात्र पाळकानेच विचारायचा असतो. "या मंडळीत राहून सेवा करण्याची आपली इच्छा आहे का?" आईला मी आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हणत होतो.

तिने मान वर केली. "शनिवारी तर करूनच राह्यली, पाळकसाहेब."

सगळा हॉल हसला. रूथ तर मराठीत हसली, असं मला वाटलं. आई वळली आणि मागच्या बाकावर न जाता दुसऱ्या रांगेत सुनंदाशेजारी जाऊन बसली.

तर कंपाउंडातल्या मंडळींनो, तुम्ही दीड वर्ष विचारताय त्याचं हे उत्तर. पाळकाला स्वतःचं घर नसतं, मंडळी देईल ती खोली त्याची. म्हणून मी परतवाड्यातली आईची खोलीच माझं घर समजत आलो. आता ती खोली दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईला द्या, आईनेच सांगितलंय. नळ गळतो, तेवढा दुरुस्त करून द्या. इथे शनिवारी दहाच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात आणि दार वाजवतात, "दाई हे का?" नाताळात आम्ही चौघं येऊ. आई प्रार्थनेला देवळात सवयीने पुढे जाऊ लागेल, तिला जाऊ देऊ नका. मागच्या बाकावर बसवा, पाहुण्यांच्या. कुरकुर करेल, पण नियम तिचाच आहे.