तेल्मोच्या टेबलक्लॉथमधलं शिसं

स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफ्याच्या किनाऱ्यावर, फळीवर उभं राहून समुद्रावर धावायचा मोठा पतंग सिंदोच्या टपरीतून भाड्याने घ्यायचा तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. काटा मासळीचा. त्यावर एके काळी कुपा मासे तोलले जायचे, आणि सिंदोच्या मते कुप्याने स्वतःच्या वजनाबद्दल कधी थाप मारली नाही. माणसं मारतात. पुरुष वाढवून सांगतात, बायका घटवून, आणि पाहुणे सांगतात ते घरून निघतानाचं, इथलं तळण चापल्यानंतरचं नव्हे. पतंग तुम्हाला पाण्यावरून ओढणार की उचलून रस्त्यापलीकडच्या गोठ्यात टाकणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं. वारा किती आणि तुम्ही किती.

वारा किती हे पाहायला पाहुणे यंत्रं आणतात. गावची माणसं शेजारच्या तेल्मोच्या बारकडे बघतात. तेल्मो सिंदोचा मेव्हणा. लेव्हान्ते, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला की बाहेरच्या टेबलांवरचे टेबलक्लॉथ तळलेल्या मुशीसकट गिऱ्हाइकांच्या तोंडावर बसायचे. म्हणून तेल्मोच्या बहिणीने, म्हणजे सिंदोची बायको विसी हिने, प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांत जुन्या जाळ्यांचे शिशाचे गोळे शिवून टाकले. तेव्हापासून हिशेब सोपा झाला. वारा जितका मोठा, पतंग तितका लहान. नुसती कड फडफडली तर नऊ मीटरचा पतंग. शिशाचा कोपरा उचलला गेला तर सातचा. शिशासकट अख्खा टेबलक्लॉथ उडाला तर पाचचा. टेबल उडालं तर वाइन.

हा हिशेब भरल्या अंगाच्या माणसाचा. ऐंशी किलोच्या आत भरलात तर पतंग एक पायरी लहान. हा नियम सिंदोचाच, आणि त्याने तो एका न्यायाधीशालाही लावला होता.

सिंदोचं तरुणपण कुप्याच्या जाळ्यांवर गेलं. सापळ्यातला मासा वर आला की पाण्यात उडी मारून त्याला आकडी लावायची, असं काम. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बाकीचे बाकावर बसले. सिंदोने कुणाचा तरी फाटका पतंग विसीकडून शिवून घेतला आणि पहिल्याच दिवशी किनाऱ्यावरच्या मिरवणुकीत घुसून चर्चच्या माउलीच्या मूर्तीचा मुकुट पाडला. पाद्रीबाबांनी माफ केलं. माउलीचं अजून कळलेलं नाही. पुढे जाळ्यांवरचे जुने सोबतीही त्याच्या नादाने पतंगाला लागले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या पोटाचा बराचसा भाग काढून घेतला. अठ्ठ्याऐंशी किलोचा सिंदो किती उरला, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो स्वतः काट्यावर चढत नसे. चढायची गरजही नव्हती. विजार सांगत होती.

पण दुखण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. लोक त्याच्याशी सभ्यपणे वागू लागले. बाल्दो, जाळ्यांवरचा जुना जोडीदार, वर्षानुवर्षं रोज सकाळी ओरडायचा, "काय रे बोक्या, मेला नाहीस अजून?" आता तो हळूच म्हणायचा, "बरं आहे ना, सिंदो? जप हो."

"हा मला जिवंतपणी पुरतोय," सिंदो विसीला म्हणाला.

"मग जपत जा," विसी म्हणाली.

"तू पण?"

सप्टेंबर संपताना जुन्या जाळेकऱ्यांची शर्यत असते, तेल्मोच्या बारपासून वाऱ्याबरोबर पलीकडच्या मोठ्या वाळूच्या टेकाडापर्यंत. बक्षीस नाही. जिंकणाऱ्याने वर्षभर बाकीच्यांना शिव्या द्यायच्या, एवढंच. त्या दिवसांत लेव्हान्ते सातच्याच पतंगाचा असतो. सिंदोने पाचचा घेतला तर साऱ्या गावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'जप हो' म्हणायचं. सातचा घेतला तर उरलेल्या सिंदोला वारा उचलून नेणार. इज्जत ठेवायची की जीव, असा प्रश्न होता, आणि सिंदोने तिसरंच उत्तर शोधलं.

शर्यतीच्या सकाळी बारमध्ये हाहाकार माजला. टेबलक्लॉथ एकामागून एक उडत होते. एक पाद्रीबाबांच्या डोक्यावर बसला, एक थेट रस्त्यावर गेला. तेल्मो कोपरे धरून धावत होता.

"पाचचा रे, पाचचा!" बाल्दो ओरडला. सगळ्यांनी मुकाट्याने सातचे पतंग गुंडाळले, पाचचे फुगवायला घेतले, आखूड फळ्या काढल्या आणि पतंग सोडून द्यायचे खटके दोनदा ओढून पाहिले. पाचच्या वाऱ्यात गावात कुणी शहाणपणा करत नाही.

एकटा सिंदो सातचा फुगवत बसला होता. अंगात रबरी पोशाख, वर फुगीर जाकीट. चांगला गुटगुटीत दिसत होता.

"सिंदो, अरे बाबा, टेबलक्लॉथ बघितलेस ना?" बाल्दो हलक्या आवाजात म्हणाला. "जप हो."

"सातचाच वारा आहे. टेबलक्लॉथचं काय ऐकायचं!"

विसी हे ऐकत होती. ज्या माणसाने आयुष्यभर त्या टेबलक्लॉथपुढे बिशपचंही ऐकलं नसतं, तो आज त्यांना खोटं ठरवत होता. तिने पाद्रीबाबांच्या डोक्यावरून एक ओढून घेतला आणि कोपरा चाचपला. शिवण उसवलेली होती. आत काही नव्हतं.

ती सरळ सिंदोपाशी गेली. "चांगलं बाळसं धरलंयस की रातोरात."

"तुझ्या हातचं जेवण."

"काट्यावर चढ."

"टपरीवाल्याला काटा लागत नाही."

"न्यायाधीशाला लागला. चढ म्हणते ना!"

एव्हाना सगळे जमले होते. सिंदो चढला. काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. सिंदोने विजयी चेहऱ्याने सगळीकडे पाहिलं.

"आता जाकीट काढ."

"गार वारा आहे."

विसीने स्वतःच चेन ओढली. जाकीट वाळूवर पडलं ते धप्पकन, पोतं पडावं तसं, आणि फाटलेल्या अस्तरातून शिशाचे गोळे गडगडत बाल्दोच्या पायाशी गेले. काटा चौऱ्याहत्तरवर आला.

"चौदा किलो सिंदो माझ्या भावाच्या टेबलक्लॉथचा आहे," विसी म्हणाली. "हे घालून पाण्यात पडला असतास, तर आकडी लावून वर काढावा लागला असता. तुझ्या कुप्यांसारखा."

तेल्मोने एक गोळा उचलला. "मेव्हण्या, माझ्या अठरा बशा फुटल्या."

"बशा सोड!" बाल्दोचा चेहरा लालेलाल झाला होता. "सातच्या वाऱ्यात आम्ही पाचचा घेऊन निघालो होतो! अर्ध्या वाटेत बोयांसारखे तरंगत बसलो असतो. अरे चोरा, अरे खोटारड्या, पोट गेलं तरी मस्ती नाही गेली तुझी!"

सिंदोने मान वर केली. हिवाळ्यापासून त्याच्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे काय? तू बोका आहेस, बोका!"

तेल्मोने एका टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांत गोळे बांधून तो टेबलावर पसरला. कोपरा तेवढा उचलला गेला. सातचा वारा. सगळ्यांनी पुन्हा सातचे काढले. विसीने सिंदोपुढे पाचचा टाकला. टपरीत शिल्लक होता तो, गुलाबी, शाळेच्या पोरींना शिकवायचा. सिंदोने त्याच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि हवा भरायला घेतली.

अर्ध्या वाटेवर डोंगरांच्या खिंडीतून झोत आला. गुलाबी पतंगाला हिसका बसला, सिंदो फळीवर वाकला आणि टिकला. बाल्दो मात्र आपल्या सगळ्या किलोंसकट चर्चच्या छपराएवढा वर गेला, तिथून माउलीला एक अर्वाच्य शब्द बोलला आणि फळी गमावून खाली आला. सिंदो त्याच्या जवळून गेला. शिशाचं जाकीट घालून आपण असे पडलो असतो तर काय, याचा हिशेब त्याने पुरा केला नाही.

तो शेवटून दुसरा आला. शेवटचा बाल्दो, पतंग खांद्यावर टाकून चालत.

संध्याकाळी सिंदो बारच्या टेबलाशी शिसं परत शिवत बसला होता. विसी टाके तपासत होती आणि निम्मे उसवायला लावत होती. सुई बोटात गेली की तो वाऱ्याला शिव्या द्यायचा. बाल्दो लंगडत आला, गुलाबी पतंगाकडे पाहिलं, मग सिंदोच्या हातातल्या सुईकडे.

"काय रे बोक्या," तो मोठ्याने म्हणाला, "मेला नाहीस अजून?"

"बस," सिंदो म्हणाला. "तिकडचे चार कोपरे तू घे."