कोराडोच्या पोटातला जंतू

कोराडो म्हणजे साबिनोचा धाकटा भाऊ, सख्खा, आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या बंदरात शेवंड पकडावी तर त्यानंच, असं साबिनो भेटेल त्याला ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. पण बारा वर्षं या पठ्ठ्याच्या पोटात अल्सर होता. दूधभातावर जगायचा. सगळे म्हणायचे, काळजी फार करतोस, म्हणून होतं. आता तर सर्जननं अर्धं जठर कापायची तारीखही दिली होती.

तेवढ्यात इस्पितळातला एक तरणा डॉक्टर म्हणाला, काळजीबिळजी काही नाही, जंतू आहे; दोन आठवडे औषध घेऊन बघ.

साबिनो भडकला. "जंतू? आमच्या घरात? आमची आई कढई तीनदा घासते."

"दादा, कढईला काही झालेलं नाही. पोट माझं दुखतंय."

गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी कोराडो भिंत धरत संडासातून बाहेर आला. "काळं झालंय, दादा. डांबरासारखं."

काळं म्हणजे आत रक्त, हे त्या घरात शेंबडं पोरही सांगेल. त्यांचा बाप तसाच गेला होता. साबिनोनं गोळ्यांची बाटली उचलली, धक्क्यावरून समुद्रात भिरकावली आणि भावाला गाडीत घालून इस्पितळ गाठलं.

डॉक्टरनं तपासलं, जीभ बघितली. तीही काळी. "रक्त नाही हे. गोळ्यांत बिस्मथ नावाचं औषध आहे, त्यानं होतं असं काळं. सांगायचं राहिलं, माझी चूक. बाटली कुठाय?"

साबिनो छताकडे बघत राहिला.

"माशांना दिली," कोराडो म्हणाला. "त्यांना आता अल्सर व्हायचा नाही."

नवी बाटली साबिनोनंच मागितली, मान खाली घालून. मग रोजची प्रत्येक गोळी त्यानं स्वतःच्या हातानं दिली.

दीड महिन्यानं पोटात नळी घालून बघितलं. जखम भरलेली. सर्जननं तारीख खोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी तयार, इंजिन सुरू, पण कोराडोचा पत्ता नाही. शेवंडीचा हंगाम नुकताच उघडलेला. साबिनो तणतणत घरी गेला. कोराडो तोंड उघडं टाकून घोरत होता. बारा वर्षं दुखणं त्याला पहाटे तीनला उठवून बसवायचं.

साबिनोनं पांघरूण नीट केलं, दार हळूच ओढून घेतलं, आणि धक्क्यावर येऊन इंजिन बंद केलं.

"माझं डोकं दुखतंय आज," तो खलाशांना म्हणाला. "उद्या जाऊ."