भिंतीमागची फ्रीजची गाडी

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती हॉर्नची.

आम्ही राहतो गडमुडशिंगीच्या अलीकडे, ट्रक मुक्कामाला लागतात त्या माळावर. आमचे हे तिथले राखणदार. गेटपाशी माझी चहाची टपरी आणि पार मागच्या टोकाला, उसाच्या कडेला, आमची खोली. संध्याकाळ झाली की गाड्या यायला लागतात. इतकी वर्षं मी ड्रायव्हर लोकांना चहा देते, पण बोलणं कमीच. कुणी काही विचारायला लागलं की मी कपबशा धुवायला वाकते.

बाहेरच्या माणसाला तिथं नुसता दंगा दिसतो. पण या लोकांचे आपापसात नियम असतात आणि ते कडक असतात. पहाटे लवकर निघणाऱ्यानं गेटजवळ लावायची, म्हणजे दुसऱ्याची झोपमोड नको. आत वळताना मोठे दिवे बंद. जेवणं झाली की गाणी बंद. कुणाला उठवायचंच असेल तर दार बडवायचं नाही, काचेवर बोटांनी टकटक करायची आणि "पावणं, गाडी जरा पुढं घेता काय?" म्हणायचं. आणि फ्रीजची गाडी सगळ्यात मागं, कुंपणाला. तिच्यात लोणी असतं, त्यामुळे तिचं मशीन मुक्कामातही चालूच ठेवावं लागतं. तिचा ड्रायव्हर निपाणीकडचा, हडकुळा, मवाळ माणूस. मला अक्का म्हणतो. रोज दिवे लागायच्या वेळेला येतो आणि गाडी मागं नेताना प्रत्येक केबिनकडे बघून हात जोडत जातो, जसं काही त्यानं कुणाचं घर मोडलंय.

ती मागची जागा म्हणजे आमच्या खोलीची भिंत. गाडी लागली की फळीवरचं पितळी फुलपात्र थरथरायला लागतं. आम्हाला त्याची सवय झालेली.

एकाच गोष्टीला नियम नव्हता. निघताना जो तो अगरबत्ती लावतो, स्टेअरिंगच्या पाया पडतो आणि एकदा हॉर्न मारतो. तो शकुनाचा हॉर्न. त्याला नको कोण म्हणणार?

लेकीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच पहाटे हॉर्न सुरू झाले. प्रत्येक हॉर्नला पोर दोन्ही हात वर करून दचकायची आणि रडायची. विहीणबाई डिंकाचे लाडू घेऊन कोडोलीहून आलेल्या आणि नेमक्या मुक्कामाला होत्या.

"हे काय लेकराला ठिवायचं ठिकाण हाय?" त्या म्हणाल्या. "आता बारशाला येतो. तवा बी पोर अशीच रडत असंल तर दोघींस्नी घेऊन जातो. मग राग येऊ दे न्हायतर लोभ राहू दे."

त्या गेल्यावर लेक हळूच म्हणाली, "आये, सवा महिना राहू दे की मला. तिकडं गेलो की दुसऱ्याच दिवशी भाकरी थापाय लागंल."

हे म्हणाले, "सांग की डायवरांस्नी." मी म्हटलं, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "मी सांगितलं तर हुकूम वाटंल. तू सांग, तुझा च्या पितात ती." मी बोलायचे शब्द मनात जुळवायची, आणि गिऱ्हाईक समोर आलं की कपात साखर घालून मोकळी व्हायची. शेवटी मी लंगोट वाळत घालायची दोरी खोलीमागून सोडली आणि गेटपासून टपरीपर्यंत ताणून बांधली.

शिरोळचा एक साखरेची पोती नेणारा ड्रायव्हर आहे, मिशीवाला. आवाज असा की त्याला हॉर्नची गरजच नाही. तो चहाला आला आणि दोरीकडे बघतच राहिला.

"वैनी, जत्रा हाय काय? एवढ्या पताका कशाच्या?"

मी कपबशा धुवायला वाकले.

"आयला, बाळ झालंय व्हय! आनि आमी रोज पहाटं त्येच्या कानात भोंगा वाजीवतोय!"

मग यांनी त्याला विहीणबाईंचं बोलणं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी टपरीपुढं पंचायत बसली.

"हॉर्न न मारता गाडी काढायची? मग शकुनाचं काय?"

"वायपर मार एकदा."

"देवाला वायपर चालतोय व्हय रं?"

"देव काय आंधळा हाय? बघंल की."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून अगरबत्ती, नमस्कार आणि कोरड्या काचेवर वायपरची एक फेरी. किर्रर्र. एवढी मोठी मिशी गंभीर तोंड करून वायपर फिरवते हे बघून मला पदर तोंडात कोंबावा लागायचा. पोरीचं दचकणं थांबलं.

बारशादिवशी मात्र ड्रायव्हर लोकांनी कमालच केली. विहीणबाई येणार म्हणून गाड्या आतच आणल्या नाहीत. लांब पेट्रोल पंपाजवळ लावल्या आणि घुगऱ्या खायला चालत आले. काहींनी तर चपला हातात घेतलेल्या. शिरोळकर हळू बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याचा घसा बसल्यासारखा वाटत होता. फ्रीजच्या गाडीवाल्याला तर सकाळीच बजावलेलं, आज तू गेटाच्या आत गाडी घालायची न्हाईस.

विहीणबाई बायका घेऊन आल्या. "आज बरं गप हाय," म्हणाल्या. मला बरं वाटलं.

दिवे लागायची वेळ झाली. पाळणा बांधला, फुलं लावली आणि पोर रडायला लागली. पाजलं, शेकलं, खांद्यावर घेऊन फिरवलं, मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. गप बसेना. माळावर चिटपाखरू बोलत नव्हतं, त्यामुळे ते रडणं आणखीच मोठं वाटत होतं. विहीणबाईंचं तोंड उतरत गेलं.

"हिथलं तिला मानवत न्हाय. म्या तवाच म्हटलेलं," त्या म्हणाल्या. "पिशव्या भरा दोघींच्या."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंना पाणी द्यावं म्हणून मी फळीवरचं फुलपात्र घेतलं. ते गार आणि गप होतं. या वेळेला ते कधी गप नसतं. पोरगी घरात आल्यापासून एकही संध्याकाळ तिनं मशीनच्या आवाजाशिवाय काढलेली नव्हती.

मी तशीच दारात आले. फ्रीजच्या गाडीवाला पार गेटपाशी उभा होता, एका हातात चपला, एका हातात घुगऱ्या. मधे सगळा माळ आणि सगळे ड्रायव्हर.

"अवो भाऊ!" मी ओरडले. "गाडी आणा! भिंतीला लावा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. शिरोळकर ओठावर बोट ठेवून म्हणाला, "वैनी, हळू, बाळ..."

"तुमी गप बसा! गाडी आणा म्हटलं न्हवं!"

निपाणीकरानं घुगऱ्यांचा बकाणा भरला आणि अनवाणीच पंपाकडे पळाला.

गाडी आली, भिंतीला लागली. मशीन घरघरायला लागलं. मी फुलपात्र फळीवर ठेवलं, ते थरथरलं. पोरीचं रडणं आधी तुटक झालं, मग नुसते हुंदके, मग तेही नाही. विहीणबाईंनी फुलपात्राकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बया! ही मोठी झाल्यावर क्लिनर हुतीया का काय!"

मग अशा हसायला लागल्या की सगळ्या बायका हसल्या. त्यांनीच पिशवी कोपऱ्यात सरकवली. "राहू दे सवा महिना. पर त्या गाडीला कुटं जाऊ दिऊ नगासा."

विहीणबाईंबरोबर आलेल्या पोरीच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, पण मशीनपुढं तिला ते ओरडूनच सांगावं लागलं. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनाही नाव कळलं. निपाणीकरानं केबिनमध्ये चढून वायपर एकदा फिरवला.

आता लेक कोडोलीला आहे. फ्रीजची गाडी मागंच लागते, पण तो हात जोडत जात नाही. उशीर झाला तर शिरोळकरच विचारतो, "बाळाची गाडी आली न्हाय अजून?" दिवे लागले की विहीणबाईंचा फोन येतो. पहिली दोन वाक्यं तब्येतीची. मग तिकडून रडणं ऐकू येतं आणि त्या म्हणतात, "गाडी लागली काय वो?"

मी फोन भिंतीला लावून धरते.